भूमितीचा राहिलेला पेपर

"कुणी देऊ दिला न्हाई? तूच म्हणलीस की, मला न्हाई जायाचं म्हून," गीताबाई म्हणाली आणि तिनं हरभऱ्याचा पुढचा घाटा सोलायला घेतला.

तिनं मान वर केली नव्हती. आवाजात आरोप नव्हता, राग नव्हता; भाजीत मीठ टाकलंय एवढंच सांगावं तसं तिनं ते सांगितलं होतं. परभणीतल्या त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून फरशीवर उतरलं होतं, आणि बबिता पलंगावर मांडी घालून, दहावीचं भूमितीचं पुस्तक पुढ्यात उघडं ठेवून बसली होती. उद्या पेपर होता. चाळिशीला टेकलेली, अंगणवाडीत मदतनीस असलेली बबिता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली होती, आणि तिच्याकडून प्रमेयं घोटून घेत होती तिची मुलगी सुकेशनी, अकरावीतली. एका ओळीवर अडखळल्यावर बबिता सवयीनं म्हणून गेली होती, "तवाच दादांनी हा पेपर देऊ दिला असता तर ह्या वयात घोकत बसायची पाळी आली नसती." हे ती इतकी वर्षं म्हणत आली होती की म्हणताना तिचं तिकडं लक्षही जात नसे. आणि परीक्षेपुरतं स्वयंपाकाचं बघायला गावाहून आलेल्या तिच्या आईनं आज घाटे सोलता सोलता हे असं उत्तर दिलं होतं.

"काय म्हणलीस, माय?"

"काय न्हाई. तू आभ्यास कर."

"हां, पुढं," सुकेशनी म्हणाली. तिचं या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. कानात एक इअरफोन, मांडीवर स्वतःचं रसायनशास्त्र. "चक्रीय चौकोनाचे संमुख कोन?"

"परस्परांचे पूरक असतात."

"पक्ष काय, साध्य काय?"

पक्ष म्हणजे जे दिलेलं आहे ते. साध्य म्हणजे जे दाखवायचं आहे ते. एवढं बबिताला नीट कळलं होतं, खरं तर भूमितीतलं तेवढंच तिला आवडलं होतं. कुणीतरी आधी बसून ठरवतं की एवढं खरं धरून चाला, आणि मग माणूस चालतं. चौकोन एबीसीडी चक्रीय आहे, ती म्हणाली. कोन एबीसी अधिक कोन एडीसी बरोबर एकशे ऐंशी. सुकेशनीनं मान हलवली. बबिताचं तोंड पुढं म्हणत राहिलं, अंतर्लिखित कोन, आंतरखंडित कंस, आणि मन मात्र त्या घाट्याच्या फटकन फुटण्याच्या आवाजापाशी थांबून राहिलं. तूच म्हणलीस. कधी म्हणाले मी? कुठं उभी राहून म्हणाले? तिला तर सगळं लखलखीत आठवत होतं. येलदरीची कॉलनी, वीजकेंद्रात खलाशी म्हणून यंत्रांना वंगण घालणाऱ्या दादांना, म्हणजे तिच्या वडलांना, दत्तरावांना मिळालेलं ते क्वार्टर. परीक्षेचं केंद्र जिंतूरला, सकाळची एसटी. तिनं गणवेश घातलेला, वेणीला रिबीन. आणि दादा दारात उभे. त्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते. दादा दारातून हलले नाहीत, एसटीनं दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली, धरणाच्या वळणावर तिचा आवाज बारीक होत होत गेला. ही गोष्ट तिनं लग्नानंतर नवऱ्याला सांगितली, सासूला सांगितली, अंगणवाडीतल्या सेविकाबाईंना सांगितली, आणि सुकेशनीला तर तिच्या लहानपणापासून, केस विंचरताना, गृहपाठ करून घेताना, कंटाळा केला की धाक म्हणून सांगितली. गेल्या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सुकेशनीनं 'माझी आई' या विषयावर तीच गोष्ट सांगितली, दारात उभा असलेला बाप, निघून गेलेली एसटी, आणि पहिला नंबर मिळवला. पुढं बसलेल्या बायांनी डोळे पुसले होते. बबितानंही पुसले होते. दादा तोवर वारले होते.

पण ते दार. दारात उभे असलेले दादा तिनं आज पहिल्यांदाच निरखून पाहिले आणि तिला ते नीट दिसेनात. त्यांच्या अंगात काय होतं? कामाचा खाकी शर्ट की घरातला बनियन? पाहुणे येणार असतील तर ते पांढऱ्या सदऱ्यात असायला हवेत. सकाळची पाळी असेल तर ते घरात नसायलाच हवेत. आणि पाहुणे? गीताबाईला विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर म्हातारी सोललेले दाणे परातीत सारखे करत स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "पावणे तर दुसऱ्या दिशी आलते. त्या दिशी कुठं." म्हणजे हिच्याही मनात तेच चाललं होतं तर. दोन दिवस होते? तिनं तर ते एका दिवसात बसवून टाकले होते, एकावर एक ठेवलेल्या गोधड्यांसारखे, आणि मधली शिवण तिला कधी लागली नव्हती.

खरं म्हणजे एक गोष्ट तिला कायमच टोचत असणार, पण तिनं तिकडं कधी वळून पाहिलं नव्हतं. दादा तसले बाप नव्हतेच. खोक्याच्या फळ्या ठोकून त्यांनीच तिला अभ्यासाचं मेज केलं होतं. बुद्धविहारात बोलायला उभे राहिले की त्यांचा विषय एकच असायचा, पोरी शिकवा. गाईड मिळत नाही म्हटल्यावर ते पाळी संपवून जिंतूरला गेले होते आणि परत येताना एसटी न मिळाल्यानं बरंचसं पायी आले होते, पाय सुजलेले. असा माणूस शेवटचे काही पेपर उरलेले असताना दारात का उभा राहील? याचं उत्तर बबितानं केव्हातरी देऊन टाकलं होतं, माणसं बोलतात एक आणि करतात एक. आणि ते उत्तर पुन्हा तपासलं नव्हतं. आता ती ते तपासू लागली तर हातात दुसरं काहीच नव्हतं. मग मी का गेले नाही?

"मम्मी, तू तिसऱ्यांदा तेच म्हणायलीस," सुकेशनी म्हणाली.

"कोनमापक कुठं गेला गं माझा?"

"कंपासात असंल."

"न्हाई त्यात. मी घेऊन येते नवा," बबिता म्हणाली आणि चप्पल घालून खाली उतरली. कोनमापक कंपासपेटीत होता की नव्हता हे तिनं पाहिलंही नव्हतं. तिला चालायचं होतं. रस्त्यावर ऊन चांगलंच तापलं होतं, शिकवण्यांच्या पाट्या एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, आणि दर दुसऱ्या पाटीवर हसणारी हुशार पोरं, त्यांच्या खाली टक्के. झेरॉक्सच्या दुकानापुढं दहावीची पोरं घोळका करून उभी होती. कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं की वर्तुळावर जास्त मार्काचं येणारच, बाकी सोडून दे. बाकी सोडून दे, हे ऐकून बबिता थबकली. तिनं काय काय सोडून दिलं होतं? दुकानातून कोनमापक घेतला, तो प्लास्टिकचा अर्धा चंद्र मुठीत धरला आणि पाय आपोआप बसस्टँडकडं वळले. या वेळी सिद्धोधनची जिंतूरची गाडी येते. तो तिचा नवरा, एसटीत कंडक्टर. आणि त्या दुसऱ्या दिवशी, जर तो दुसरा दिवस असेल तर, तिला बघायला आलेला पाहुणा तोच होता.

सिद्धोधन गाडीच्या सावलीत उभा राहून बाटलीतलं पाणी तोंडावर मारत होता. तिला पाहून तो घाबरलाच. "काय झालं? सासूबाई बऱ्या हायत ना?"

"सगळे बरे हायत. कोनमापक घ्यायला आले होते."

"स्टँडवर?"

तिनं मुठीतला कोनमापक दाखवला. मग म्हणाली, "तुमी मला बघायला आलता तवा मी काय म्हणले होते?"

त्यानं रुमालानं मान पुसली. तिच्याकडं पाहिलं. परीक्षेनं हिचं डोकं फिरलंय असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं, पण तो सावकाश, आठवून बोलला. "तू काय म्हणणार? खाली बघून बसली होतीस. तुझे दादाच बोलले. म्हणले, पोरगी तापेतून उठलीय, पेपर बी बुडाला तिचा. मला वाटलं, आजारी पोरगी बांधायलेत गळ्यात."

"ताप?"

"असंच म्हणले होते. का बरं?"

"मग मी तुमाला सांगितलं ते, दादांनी दारात अडवलं ते?"

"ते तू नंतर सांगितलंस," सिद्धोधन म्हणाला. "मी म्हणलं, असंल. बाप सांगतो एक, पोरगी सांगती एक. आपल्याला काय करायचंय." डेपोतून कुणीतरी त्याला हाक मारली. जाताना तो थांबला. "बबिता, डोक्यात काय घेऊ नको आता. वर्तुळाचं कर नीट." त्यानंही वर्तुळच म्हणावं याचं तिला हसू आलं.

परत येताना ती तो ताप शोधत राहिली. अंग तापल्याची काहीतरी खूण राहायला हवी होती. गोधडीचा वास, कपाळावरची ओली चिंधी, तोंडाची कडू चव. काहीच नव्हतं. उलट गार काहीतरी होतं. गार शहाबादी फरशी, आणि त्या फरशीला टेकलेला गाल. येलदरीला वीजकेंद्रातलं यंत्र सुरू झालं की आपल्या क्वार्टरची जमीन बारीक थरथरते असं तिला लहानपणी वाटायचं, आणि ती पालथी पडून ते ऐकायची. पण गणवेशात, रिबिनीसकट, ती फरशीवर का पडली असेल? ही आठवण त्या सकाळची होती की चौथीतल्या एखाद्या सुट्टीची? की आत्ताच, या उन्हात चालता चालता तिनं ती तयार केली होती? आईचं एक, नवऱ्याचं एक, तिचं स्वतःचं एक. आणि तिन्हींत दादा वेगवेगळे. एकात ते अडवतात, एकात ते नसतातच, आणि तिसऱ्यात ते परक्या लोकांसमोर, ज्यांनी जन्मभर खोटं बोलू नये असं शिकवलं ते, पोरीसाठी खोटं बोलतात. की खोटं नव्हतंच ते? तिला आता कुणाचीच खात्री वाटेना, आणि सगळ्यांत कमी स्वतःची.

संध्याकाळी दिवा लागल्यावर सुकेशनीनं पुन्हा पुस्तक उघडलं. गीताबाई आत भाकरी थापत होती. बबितानं थापटण्याचा आवाज थोडा वेळ ऐकला आणि हळूच म्हणाली, "सुकू, तू ते भाषण केलतं ना माझ्यावरचं."

"हां."

"ते खरं नसंल तर?"

सुकेशनीनं कानातला इअरफोन काढला. "म्हंजे?"

"म्हंजे मला आता नीट आठवत न्हाई. दादांनी जाऊ दिलं न्हाई, का मीच..."

"तूच सांगितलं होतंस मला."

"हो."

"मी सगळ्या शाळेसमोर सांगितलंय ते. आजोबांचं नाव घेऊन." पोरीचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "आणि आता तू न्हाई म्हणायलीस?"

"न्हाई बी म्हणत न्हाई मी. मला समजंना झालंय."

सुकेशनीनं इअरफोनची वायर बोटाला गुंडाळली. तिच्या नजरेत असं काही होतं की बबिताला वाटलं, उठून हिच्या तोंडावरून हात फिरवावा. पण ते करायचा हक्क आपल्याला या घटकेला आहे का हे तिला कळेना. मग पोरीनं पुस्तक तिच्याकडं सरकवलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "उद्या पेपर हाय मम्मी. आता समजून घेत बसू नको. पाठ कर." ती प्रमेयाबद्दलच बोलत होती. बबितानं पाठ केलं. झोपेपर्यंत पाठ केलं, ओठ हलवत, भिंतीकडं तोंड करून, आणि सगळं पाठ झालं, एकही शब्द इकडं तिकडं न होता, आणि त्यातला एकही शब्द तिला आपला वाटला नाही.

सकाळी परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी पोरांची हीऽ गर्दी. प्रत्येकाच्या हातात पुस्तक, सगळे ओठ हलतायत, एखाद्या मोठ्या घरात सुतक असावं तसा बारीक गलका. फाटकावरच्या शिपायानं बबिताला हातानं अडवलं. "पालक बाहेर थांबा, बाई." तिनं हॉलतिकीट दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, तिच्याकडं पाहिलं आणि थोडा खजील होऊन बाजूला झाला. सुकेशनी रात्रीपासून तिच्याशी कामापुरतंच बोलली होती. तरी ती सोबत आली होती, आणि पाण्याची बाटली हातात देताना तिची बोटं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बाटलीवर राहिली. "चौकोनाचं आलं तर सोडू नको," ती म्हणाली.

चौकोनाचं आलं होतं. पण ते तसं आलं नव्हतं. सगळी सिद्धता छापून दिलेली होती, आणि मधेमधे रिकाम्या चौकटी होत्या. चौकटी भरा, कृती पूर्ण करा. बबितानं वाचायला सुरुवात केली आणि तिचं घोकलेलं, एका दमात वाहणारं पाणी पहिल्याच चौकटीला धडकून थांबलं. तिला पहिल्यापासून म्हणायचं होतं, आणि कागद म्हणत होता की मधलं सांग. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडकली. मग कानशिलं गरम झाली, तळवे ओले झाले, शेजारच्या बाकावरची पोरगी, पंखा, फळ्यावर लिहिलेला केंद्राचा नंबर, सगळं काचेपलीकडं गेल्यासारखं लांब गेलं, आणि पायांमधून काहीतरी वर चढू लागलं. उठ, असं ते म्हणत नव्हतं. ते नुसतंच उठत होतं. बबिताला कळलं तेव्हा ती उभी होती.

वर्गातल्या बाईंनी पाहिलं. "काय पाहिजे? पुरवणी?"

वर्गाचं दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं. बाहेर व्हरांड्यात ऊन, त्यापलीकडं मैदान, त्यापलीकडं रस्ता. आणि तिला कुणी अडवणार नव्हतं, ना जायला, ना बसायला. आणि हे जे पायांतून वर आलं होतं ते बबिताच्या ओळखीचं होतं. डोक्याला नव्हे, गुडघ्यांना ते ओळखीचं होतं. हे तिनं आधी एकदा सोसलं होतं, याच भूमितीपायी, दप्तर पाठीला लावून, घरातल्या फरशीवर बसकण मारून. आणि हे असलं अंगात आलेलं पोर समोर पाहून कुणीतरी दप्तर तिच्या पाठीवरून उतरवून घेतलं होतं. आधी एक पट्टा, मग दुसरा. हलक्या हातानं. वंगणाचा वास येणाऱ्या हातानं. राहू दे आज, असं म्हणून. की हे तिनं आत्ताच रचलं? तिला ठरवता येईना. पण तसं झालं असेल तर दादांनी अडवलं हेही खोटं नव्हतं, आणि तिनंच नको म्हटलं हेही खोटं नव्हतं. त्यांनी तिला वाचवलं होतं की बुडवलं होतं? त्यांच्या जागी ती असती, सुकेशनी अशी थरथरत फरशीवर बसली असती, तर तिनं काय केलं असतं? उतरवलंच असतं दप्तर. आणि मग ती गाडी निघून गेलीच असती. इतकी वर्षं ज्या माणसावर ती रागावत आली होती त्याच्यावर आता रागावता येईना, आणि राग गेला म्हणून हलकंही वाटेना. ज्या जागी राग होता ती जागा नुसतीच मोकळी आणि अनोळखी झाली.

"बाई, बरं वाटंना का तुम्हाला?" वर्गातल्या बाई जवळ आल्या होत्या. वयानं त्या बबिताहून लहानच असतील. "घरी जायचंय का? जायचं असेल तर सांगा, तशी नोंद करावी लागेल."

बबितानं त्यांच्याकडं पाहिलं. त्या खरंच विचारत होत्या. हो म्हटलं असतं तर चाललं असतं.

"न्हाई," ती म्हणाली. "पाणी पिते."

ती बसली. पाणी प्यायली. पायांतलं ते चढलेलं काही उतरलं नव्हतं. ते छातीपाशी येऊन बसलं होतं, आणि बबिता त्याच्यासकट बसली. चौकटींचा प्रश्न सोडून ती पुढं गेली, जे आलं ते लिहिलं, एक आकृती दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा बरी आली. मग परत चौकटींपाशी आली आणि आता पाठ केलेलं आठवायच्या ऐवजी तिनं आकृतीकडंच पाहिलं. वर्तुळ पूर्ण फिरून येतं. हा कोन त्याच्या एका कंसाचा अर्धा, समोरचा कोन उरलेल्या कंसाचा अर्धा. दोन्ही कंस मिळून सगळं वर्तुळ, त्याचं अर्धं एकशे ऐंशी. एवढंच होतं होय हे? तिनं तीन चौकटी भरल्या. चौथीत काय येतं ते तिला कळलं नाही. ती तशीच रिकामी राहिली.

घंटा झाली तेव्हा बाहेर पोरं उत्तरं जुळवत होती, कुणी हसत होतं, एक पोरगी भिंतीला टेकून रडत होती आणि तिची आई तिला उसाचा रस पाजायला बघत होती. सुकेशनी झाडाखाली उभी होती. बबिताला पाहून ती पुढं झाली, मग कालचं आठवून मधेच थांबली.

"कसा गेला?"

बबितानं सांगायला तोंड उघडलं. पेपर कसा गेला हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. पास होईल की नाही, सांगता येत नव्हतं. पोरीला आजोबांबद्दल काय सांगायचं तेही अजून ठरत नव्हतं. घरी गेल्यावर मायशी बोलायचं, सावकाश, ती काय काय सांगते ते सगळं ऐकून घ्यायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"शेवटपर्यंत बसले," ती म्हणाली.

"ते तर बसणारच की," सुकेशनी म्हणाली, आणि आईच्या खांद्यावरची पिशवी काढून तिनं आपल्या खांद्याला लावली.